दर्यात बोललेला नवस

मी मासे का सोडले हे सारखं विचारता, तर एकदाच सांगतो. मासळीवर माझा जीव होता. दोन वर्षांपूर्वी वाटूरचा माझा दोस्त किसन आणि मी मालवणला त्याच्या लेकीकडे गेलो होतो. एका कोळ्याच्या होडीतून दर्यात गळ टाकायला गेलो. किनारा दिसेनासा झाला आणि वारा सुटला. होडी आपटायला लागली. दोघांनीही ओकाऱ्या काढल्या. मी होडीची कड घट्ट धरून बसलो. किसनने मात्र हात जोडले.

"खंडोबा, काठाला लाव! आम्ही दोघं जन्मात मासे खाणार न्हाई!"

"दोघं? मला इचारलं व्हतं का?"

"एकट्यासाठी देव कशाला जल्दी करील?"

काठाला लागलो. घरी लेकीने सुरमई तळली होती. शब्द माझ्या नावाने गेला होता, म्हणून मी वरणभात मागितला. किसनने ताट पुढे ओढलं आणि दोन तुकडे वाढून घेतले.

"किसन, नवस तू बोलला व्हतास ना?"

"बराबर," तो काटा काढत म्हणाला. "बोलायचं काम मी केलं. आता पाळायचं तू कर."