बिजासाराचा पेला

पेल्यावरून आठवलं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडलांनी, आईच्या शुगरसाठी बिजासाराच्या लाकडाचा पेला आणला होता. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी तांबूस झालेलं प्यायचं. अण्णा गेले, पेला राहिला.

पुढं मी त्याच लाकडाच्या अर्कावर संशोधन करायला लागलो. एकदा आईचा पेला लॅबमध्ये नेऊन तपासला, तर पाण्यात काहीच उतरत नव्हतं.

हर्सूलला घरी येऊन म्हणालो, "आई, यातलं औषध कधीच संपलंय. हा नवा घे."

"बरं," म्हणाली.

महिन्यानं बघतो, तर आई जुन्याच पेल्यातून पितेय. मी भडकलो, "मग नवा कशाला आणला मी?"

"त्यात रातभर भिजवते की. सकाळी ह्यात ओतून घेते." पेला पदरानं पुसत म्हणाली, "औषध तुझं, पेला त्यांचा. दोघांचंबी मन राखायला नको व्हय?"