बापाचं पुस्तक मी फाडलं

दोन हजार दोन साल, मी त्रेसष्ट वर्षांचा. शिक्षण विचाराल तर दुसरी, तीही अर्धी. पण शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं बायंडिंग केलं, माझ्या हातचं पुस्तक दोन्ही पुठ्ठे धरून हिसडलं तरी उसवायचं नाही. मग कॉम्प्युटर आले, छापखाना बंद झाला, मालकांचा मुलगा म्हणाला, काका, आता आराम करा. आराम काय करायचा, हात वळवळतात.

आमच्या वस्तीत अभ्यासिका होती, एकच खोली, तिचे पत्रे वादळात उडाले. दहावीच्या पोरींना बसायला जागा नाही, त्यात माझ्या धाकट्या भावाची, किसनची सुजाता पण. चित्रकलेच्या एक बाई होत्या, त्यांची पुस्तकं मी बांधलेली. त्या म्हणाल्या, सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयानं वाळवी लागलेली पुस्तकं टाकून दिलीत, त्यांचं चित्र करा, प्रदर्शनात विकू, पत्रे घालू. म्हटलं, मला चित्र येत नाही. म्हणाल्या, फाडता तर येतं ना.

काय सांगू तुम्हाला, पहिलं पुस्तक फाडताना कोंबडीची मान मुरगळल्यासारखं वाटलं. पाठीवर सुरी घातली, शिवण कापली, पोट फाडून पानं बाहेर काढली. दहाव्या पुस्तकापासून सुरी सरसर चालायला लागली. पुठ्ठ्यांच्या झोपड्या, शिवणीच्या दोऱ्याच्या विजेच्या तारा, पानं जाळून काळा रंग, असं करत सगळी वस्ती एका प्लायवूडवर उभी केली. मधे अभ्यासिकेची जागा मोकळी ठेवली. तिथं असंतसं काही लावणार नव्हतो.

आता हे ऐका. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा बापानं घरातले देव नदीत सोडले आणि देवांच्या फळीवर धम्माचं एक पुस्तक ठेवलं, लाल फडक्यात बांधून. त्याला वाचता येत नव्हतं. रोज अंघोळ करून सगळ्यांनी त्याच्यापुढं उभं राहायचं, हात लावायचा नाही. बाप गेल्यावरही आम्ही तेच केलं. कुणी हात लावला नाही म्हणून तर उंदरांनी ते आतून खाल्लं. मी फडकं सोडलं तर नुसता भुगा, दोन पुठ्ठे आणि मधली थोडी पानं. त्याचीच मी अभ्यासिका केली.

किसन आला तो पहार घेऊनच. आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, दिवसभर पोरासोरांचं ऐकून घ्यायचा, राग सगळा घरी आणायचा. म्हणाला, दादा, बापाला कापलंस तू. मी म्हणालो, बापाला उंदरांनी खाल्लं, तू कधी फडकं सोडून बघितलंस? त्यानं पहार घातली ती चित्रावर, मी उजवा हात मधे घातला. बोटं मोडल्याचा आवाज ऐकला मी, जाड पुठ्ठा मोडतो तसाच. मग मीही त्याच बापाचा. डाव्या हातानं बायंडिंगची हातोडी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली, दोन दात पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या पातेल्यात पडले. तो पडला, मी छातीवर बसलो, परत हाणली. परत. बापामागं धावत आलेल्या सुजातानं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला म्हणून थांबलो, नाहीतर भाऊ राहिला नसता. लपवत नाही मी. उठताना त्यानं चित्रातून बापाचं पुस्तक ओरबाडून काढलं आणि छातीशी धरून, रक्त गाळत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बाई टेम्पो घेऊन येणार होत्या. सकाळी, रात्री घातलेल्या प्लास्टरच्या हातानं पातेलं दाबून धरलं, डाव्या हातानं नवी खळ शिजवली, उंदीर-वाळवी लागू नये म्हणून मोरचूद जास्त टाकला, आणि वस्तीतल्या पोरींना चित्र उचलायला लावून किसनच्या दारात जाऊन बसलो. माफी मागितली नाही, मागणारही नव्हतो. त्याचं तोंड सुजलेलं, बोलता येईना. म्हटलं, मला एकच हात आहे, तू पुस्तक धरलंस तर बसेल, नाहीतर जागा मोकळीच जाईल. तो उठला. मग आत गेला, अंघोळ करून आला, आणि दोन्ही हातांनी बापाचं पुस्तक त्या जागेवर धरलं.

मी खळ लावली.