ज्योत वर कोण नेणार

नाही नाही काका, बसा, उठू नका — सकाळी सकाळी मैदानावर आलाच आहात तर पुरतं ऐकूनच जा. जयभीम केला ना मी? केला. मग आता भांडू द्या. जयंतीच्या कमिटीत काय ठरलं ते मला चहाच्या टपरीवर कळतं, हे बरोबर आहे का? म्हणे यंदा ज्योतीचा शेवटचा टप्पा प्रबुद्धला, म्हणजे मला, द्यायचा नाही. का? तर मागच्या जयंतीला त्यानं वाट लावली. लावली! मान्य. चैत्यभूमीवरून ज्योत निघाली, सायन, कुर्ला करत पोरांनी हातोहात आणली, घाटकोपरला माझ्या हातात दिली आणि आपली डोंगराची चढण मी चढलो — चढलो ना? पडलो नाही, विझू दिली नाही, विहारात नेऊन ठेवली. फक्त पुढं ती वंदना — जो ज्योत आणेल त्यानंच सुरू करायची, हा नियम पण तुमचाच — तर तोंड उघडलं आणि आवाजच नाही. नुसती हवा. अख्खा विहार हात जोडून बघतोय आणि मी टोपलीतल्या माशासारखा आ वासून उभा. शेवटी शकुआजीनं मागून सुरू केली म्हणून निभावलं. म्हातारी अजून रस्त्यात दिसली की विचारते, “आला का रे आवाज?”

हसा, हसा. तुम्हाला हसायला काय जातंय? धावतो आम्ही, तुम्ही कमिटीवाले मागून टेम्पोत खुर्च्या टाकून येता, गळ्यात निळा पट्टा, हातात माइक — “तरुणांनो, वेग वाढवा!” एकदा उतरून बघा की. आणि स्टेजवर व्यसनमुक्तीचं भाषण कोण देतं? तुम्ही. कसं देता? तंबाखू मळत. नका लपवू, तळहात दिसतोय मला. आमच्या घरी पण येऊन सुनावलंत, डिप्लोमा अर्धवट सोडला, नाव प्रबुद्ध आणि अक्कल शून्य — अहो, नाव मी ठेवलं नाही ना माझं! आणि ते कॉलेज का सोडलं हे एकानं तरी विचारलं? नाही. सल्ले मात्र सगळ्यांकडे तयार.

जाऊ दे. मुद्दा काय, तर सिगारेट सोडली मी. दिवाळीपासून एक नाही. आईला विचारा, शर्टाला वास येतो का. दम पण वाढलाय, जिना चढताना छातीत ते घर्र व्हायचं ते बंद — अरे काका, ते खिशातून पडलेलं नका उचलू! पेनड्राइव्ह नाहीये तो! तोंडात कशाला — सोडा! द्या इकडे. आंब्याचा वास येतो म्हणून लगेच चाखून बघायचं? ते वेप आहे. वेप. बॅटरीवर चालतं. धूर नाही हो, वाफ. बंदी आहे, माहितीये, मिळतं तरी. माझ्या दोस्तानं, सुयोगनं सांगितलं होतं, हे घे, सिगारेट सुटेल आणि धावशील घोड्यासारखा.

धावलो की! पहिल्या महिन्यात झकास वाटलं. खोकला कमी, सकाळी जीभ कडू नाही, मैदानाला न थांबता फेरी. मी तर सगळ्यांना सांगत सुटलो, सुटली म्हणून. मग फेब्रुवारीपासून — काय झालं काय, तेवढ्यावरच अडकलं. उलट थोडं मागेच. म्हणजे कसंय काका, सिगारेट संपते. फेकावी लागते, बाहेर जावं लागतं, माणूस कंटाळतो. हे संपतच नाही. अंथरुणात आहे, बाथरूममध्ये आहे, धावायच्या आधी एक, धावून झालं की एक — आणि मधे, त्या पाण्याच्या टाकीमागे, बुटाची लेस बांधायच्या नावाखाली — असो. छाती अशी धडधडते की वाटतं आतून कुणी दार ठोकतंय. काल चढण करून बघितली. वर गेलो. एकटाच होतो, म्हटलं वंदना म्हणून बघू. “नमो तस्स” म्हणालो आणि खाली बसलो.

हे तुम्ही कुणाला सांगायचं नाही. कशाला सांगितलं मी?

आणि आमची दर्शना! रोज असते ना इथं, नर्सिंगच्या ड्युटीला जायच्या आधी — धाकटी बहीण, पण धावताना दयामाया काही नाही. तीच चढण चढते आणि वर पोचून फोनवर मैत्रिणीशी भांडते. भांडते काका! दम न घेता! तिनं विचारलं होतं कमिटीत, मला माहितीये. तुम्ही काय म्हणालात? “पोरीच्या हातात ज्योत, पहाटेची वेळ, बरं दिसत नाही.” नाइट ड्युटी असली की पहाटे हॉस्पिटलातून एकटी येते ती, तेव्हा बरं दिसतं? चौदा तारखेला बाबासाहेबांचं नाव घेऊन समतेवर तासभर बोलाल, आणि तेरा तारखेला हे?

काय? काय म्हणालात? परत बोला.

ठरलंय? मलाच द्यायची? मग टपरीवर ते — अहो, मग मला एवढा वेळ बोलू कशाला दिलंत! आणि सत्कार कसला? व्यसनमुक्त तरुण? शाल? माइकवरून? काका, आत्ता तुमच्या हातात होतं ते काय होतं? समजलं नाही की समजून घ्यायचं नाहीये? पोरगा सुधारला एवढं दाखवायचंय तुम्हाला, बस.

नको. 

नको म्हटलं ना. मागच्या वेळी आवाज जाईल हे तरी कुणाला माहीत नव्हतं, मला पण नव्हतं. आता माहितीये. वर पोचेन मी, ज्योत ठेवेन, आणि सगळे हात जोडून बघतील — नाही यार. दर्शनाला द्या. दया म्हणून नाही हां, तिला दया आवडत नाही, टाळकं फोडेल माझं. तिला बोलता येतं वर जाऊन, म्हणून द्या. कमिटीला मी सांगतो, भांडतो, ते मला जमतं.

ती बघा आली, निळ्या ट्रॅकपँटमध्ये. तुम्हीच सांगा तिला, अध्यक्ष म्हणून, उभं राहून, नीट. मी थांबत नाही, दोन फेऱ्या बाकी आहेत. आणि मागून हाका मारू नका — धावताना मला बोलता येत नाही.