गळाचा उलटा काटा

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिक्षक रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारी दुकानदाराशी बोलत होती.

"काठी केवढी देऊ, काकू?"

"दोरी नदीच्या मधोमध पोचेल एवढी."

"काकांनाच आणा की. हातात धरून बघतील."

"ते कुठले यायला! गेल्या वर्षी तिथेच तर बुडाले."

"अरेरे... म्हणजे आता मासे तुम्ही धरता?"

"मासे? छे! मला तर वाससुद्धा सोसत नाही."

"मग... गळाला आमिष म्हणून ही पिसांची खोटी माशी बांधून देऊ?"

"नको. मी त्यांच्या सदऱ्याचं बटण बांधते."

शिक्षक एक पाऊल मागे सरला.

"आणि गळाचा उलटा काटा तेवढा घासून दे रे बाबा. काल त्यांचा ओठ फाटला, तर रात्रभर बोलणी खाल्ली मी."