शेतातला सायलो

नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावच्या पोस्टात लग्नाच्या पत्रिका घेऊन आर्डिस आणि वर्लिन रांगेत माझ्यापुढे उभे होते. दोघंही सत्तरीचे. आर्डिसच्या गव्हाच्या शेतात जमिनीखाली हवाई दलाचा सायलो, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायची झाकणबंद काँक्रीटची विहीर, आहे. वर्लिन तरुणपणी अशाच सायलोंच्या देखभालीवर होता.

“लग्नानंतर तू गावात माझ्याकडेच राहायला ये,” वर्लिन म्हणाला.

“का? माझ्या घराला काय झालंय?”

“सायलो अर्ध्या मैलावर आहे, बाई!”

“त्याला काही होत नाही, असं छाती फुगवून तूच सांगतोस ना?”

“नाहीच होणार! अणुबॉम्ब अगदी डोक्यावर पडला तरच. जरा बाजूला पडला, तर झाकणसुद्धा हलायचं नाही.”

“आणि माझं घर?”

“छपराचा तुकडा सापडायचा नाही.”

“बरं, गावातलं तुझं घर?”

“ते बारा मैलांवर आहे.”

“म्हणजे वाचेल?”

“वाचेल असं नाही... पण धक्का पोचायला जवळजवळ मिनिटभर लागेल.”

“मिनिटभरात काय करणार आपण?”

“कॉफीचे दोन घोट घेऊ.”

“दोन घोटांसाठी मी माझी गुलाबाची झाडं सोडू? आणि तुझ्या हातची कॉफी, वर्लिन!”

खिडकीतली बाई म्हणाली, “बोला, काय हवंय?”

“या पत्रिका पाठवायच्यात,” वर्लिन म्हणाला. “आणि पत्ता बदलायचा एक फॉर्म द्या.”

“कोणाचा बदलायचाय?”

“माझा.”