नानांचे डोळे

सी ही संगणकाची भाषा शिकल्याचा माज काय असतो ते मला विचारा. असोद्याचा सुधाकर जळगावला माझ्याकडे फ्लॉपी घेऊन आला, सोबत त्याची आई, अक्का. वारलेल्या वडिलांचा, नानांचा, एकुलता फोटो वाळवीनं खाल्ला होता. उरला तो स्कॅन करून फ्लॉपीत ठेवलेलाच, दाबून लहान केलेल्या फाईलमध्ये. ती उलगडायला मी प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर टोपी आली, कपाळ आलं आणि तिथंच थांबलं.

"भाऊ, डोये कुठी हायेत?" अक्कांनी विचारलं.

"फ्लॉपीच खराब आहे," मी ठोकून दिलं.

महिन्याभरानं चूक सापडली, माझीच. फोटोची फाईल मी मजकुराची म्हणून उघडली होती, त्यामुळे फोटोतलं एक चिन्ह मजकुराचा शेवट समजून प्रोग्रॅम मध्येच थांबायचा. तडक असोदा गाठलं.

"फ्लॉपी दे!"

"भंगलेला फोटो घरात ठेवत नाहीत," सुधाकर म्हणाला. "अक्कानं तापीत सोडली."