बोनटावरचा हात

नाही, खुर्ची नको देऊ मले, मी बसाले नाही आलो, अन् चहा तं बिलकुल नको मांगवू — पातुरून थेट येऊन राह्यलो अकोल्याले, तोंडसुदिक धुतलं नाही. तूच ना बे कुलदीप, या दुकानाचा मालक? मंग ये भायेर, उन्हात ये. पाह्य हे बोनट. दिसून राह्यलं का? आरशावानी गाडी करून देतो म्हनतं — केली, नाही कुठं म्हनतो — पन हे मधात काय हाय? मशीननं घासू-घासू रंग जायून टाकला ना लेका! पार खालचं कायंकुट्ट दिसून राह्यलं, हाताएवढं. याले पॉलिश म्हनते का?

काय म्हनतं, डाग होता? डाग! थोबाड सांभाय. थो मनकर्णाचा हात होता बे. माह्यी बायको. गाडी घरी आली तवा पूजा केली तिनं, हयद-कुकवात पंजा बुडवला अन् मारला बोनटावर, मारतात ना समदेच. समदे मंग धुऊन टाकतात. मी म्हनलं राहू दे. उन्हातान्हात मुरला थो रंगातच, निघेच ना. मागच्या चैतात थे गेली — अन् हात राह्यला. मी काय पागल हाओ का? सकायी गाडीपाशी चहा घेतो, तिच्याशी उलीसं बोलतो. कापूस वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या, पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, असंच. कोनाच्या बापाचं काय जाते? पुढची सीट रिकामी ठेवतो, तिची जागा होय थे. प्रणाली मांगं बसते. पोरगी माह्यी. बसते बिचारी, काही म्हनत नाही. एक खेप तिनं पुढचा दरवाजा उघडला, तं मी असा वरडलो तिच्यावर, सारी गल्ली — जाऊ दे, तुले काय करायचं.

तू आयक. आज सकायी दव पडलं. तुह्या पॉलिशवर सगळीकडे थेंब उभे, अन् जायल्या जागी पानी सपाट. पाच बोटं! बोटाबोटानं मशीन दाबलं ना तुमी? अंगठासुदिक आला. मी हात ठेवला त्याच्यावर — गार होता — तसाच उभा राह्यलो. प्रणाली आंगन झाडत होती, तिनं पाह्यलं अन् झाडू टाकून मटकन खाली बसली. 'वापस आला, बाबा,' म्हने. बस, एवढंच. मले वाटलं, पोरगी भेली. म्हनून तं आलो तुह्या अंगावर! आता खरं सांग — कोनं सांगतलं होतं तुले तिथंच घासाले? पाहुणे येतीन म्हनून प्रणाली गाडी धुवाले घेऊन आलती. सीटा साफ करा, काचा पुसा, एवढंच —

काय? जोरानं बोल.

कोन?

नाही. प्रणाली असं नाही म्हननार. खोटं बोलशीन तं इथंच... बरं, काय म्हने थे? तसंच सांग, जसं म्हने तसं. — 'भाऊ, किती बी घासा, पन आईचा हात काढा.' हो? अन्? — 'बाबा माह्याशी बोलतच नाही.'

असं म्हने.

इथंच उभी होती का? या पायरीपाशी?

काय म्हनून राह्यला तू, पुरं बोनट नवं रंगवून देतं? आतून काही नाही दिसनार मंग? दवातसुदिक नाही? — हं. रंगव. आन तुह्या मान्साले.

नाही — थांब. ठेव थे मशीन खाली. आज नको. उद्याचं दव पडू दे, शेवटची एक खेप. मंग आनतो गाडी. प्रणालीले घेऊन येतो, पुढं बसवून.

काय पाहून राह्यला माह्या तोंडाकडे? जाय. गिऱ्हाईक उभं हाय तुह्यं.